भागाबाईंनी निवडलेलं बी

भागाबाई लग्नात अक्षता निवडायच्या. टाकायच्या आधी मूठ तळहातावर पसरायची, अंगठ्याने एकेक दाणा सरकवायचा आणि खडा-कचरा बाजूला काढायचा, अशी त्यांची रीत. आमच्या गोदामाच्या शेठजींच्या मुलीच्या लग्नात मी त्यांच्या शेजारीच उभी होते. शेवटचं 'सावधान' झालं, वाजंत्री सुरू झाली, सगळ्या मांडवाने अक्षता उधळल्या आणि या बाई अजून हात उघडा धरून उभ्या.

"अहो, टाका की आता," मी म्हटलं.

"थांबा मॅडम. गवताचं बी हाय यात. नवऱ्या-नवरीच्या डोक्यावर काय गवत टाकायचं?"

ते बी त्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं. मग नवरा-नवरी खुर्च्यांवर बसल्यावर सावकाश जाऊन उरलेल्या अक्षता त्यांच्या डोक्यावर टाकून आल्या. नवरी दचकली. मला हसू आवरेना. भागाबाई मात्र एक काम उरकल्याच्या समाधानात पंगतीकडे निघाल्या. तणाचं बी त्या कधी जमिनीवर टाकत नसत. संध्याकाळपर्यंत ते पदराच्या गाठीत आणि घरी गेल्यावर चुलीत. "भुईवर टाकलं म्हंजी पेरलंच," असं त्यांचं म्हणणं.

नव्वदनंतरची ती पहिली तीन-चार वर्षं. मी वनस्पतिशास्त्रात पदवी घेऊन नाशिकच्या पेठ रोडवरच्या एका बियाण्यांच्या गोदामात लागले होते. काम असं, की प्रत्येक राशीतून मूठभर नमुना घ्यायचा, भिंगाखाली बघायचा, त्यात दुसरं कसलं बी किती आहे ते लिहायचं आणि सही करायची. माझ्या सहीनंतरच पोती शिवली जायची. त्याआधी बारा बायका राशी निवडायच्या, आणि त्या बाराजणींच्या म्होरक्या भागाबाई. उंच, काटक, कपाळावर मोठं गोंदण. नवरा फार लवकर गेलेला. संगीता ही एकच मुलगी.

आमच्याकडे सगळ्यात जिकिरीचं बी लसूणघासाचं. नाशिकच्या आसपास ज्याच्या दारी दुभतं जनावर, त्याच्या शेतात घासाचा एखादा वाफा असायचाच. या घासाचा वैरी म्हणजे अमरवेल. तिला पान नाही, मूळ जमिनीत राहत नाही. नुसता पिवळा दोरा, घासाच्या काडीला विळखा घालून तिचा रस पिणारा. एकदा शेतात शिरली की उपटून जात नाही. तुकडा राहिला तरी पुन्हा वाढते आणि तिचं बी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. अडचण अशी की तिचं बी घासाच्या बियाएवढंच असतं, त्यामुळे चाळणीतून वेगळं होत नाही. ते डोळ्यांनीच ओळखावं लागतं. घासाचं बी पिवळसर, चकचकीत, जरा वाकडं. अमरवेलीचं करडं, गोलसर, खरखरीत. आमच्या शेठजींचा नियमच होता: नमुन्यात अमरवेलीचा एक दाणा निघाला तरी ती रास पुन्हा निवडायची.

पहिल्याच आठवड्यात भागाबाईंनी माझी परीक्षा घेतली. परातीत घासाचं बी पसरून म्हणाल्या, "यात पाच टाकल्यात. हुडका." मी भिंग घेऊन अर्धा तास बसले आणि चार काढले. पाचवा सापडेना. बारा बायका हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत होत्या. शेवटी भागाबाईंनी उभ्या-उभ्या वाकून चिमटीत तो उचलला. "मॅडम, तुमी बी बघता. बी नाय बघायचं. समदी परात बघायची. जो दाना उजेड परत देत नाय, तो चोर." कॉलेजात तीन वर्षं शिकून मला जे आलं नव्हतं ते त्या एका वाक्याने आलं. त्या दिवसापासून मी त्यांची शिष्य झाले आणि सहा महिन्यांत 'मॅडम'ची 'पोरी' झाले.

नापास रास परत द्यायची वेळ आली की मी नोंदवहीत तोंड लपवायचे. बी आणणारा शेतकरी समोर हात जोडून उभा असायचा, आणि मला आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलेलं नाही. भागाबाई मागून यायच्या, दाणा त्याच्या तळहातावर ठेवायच्या आणि सरळ सांगायच्या, "दादा, अमरवेल हाय. घेऊन जा." तो चिडायचा, गयावया करायचा. त्या ढिम्म. मग मला म्हणायच्या, "त्याला आज वाईट वाटंल. न सांगता सोडलं तर ज्याच्या शेतात जाईल त्याला दहा वरसं वाईट वाटंल. कुनाची बाजू घ्यायची?" मी मान डोलवायचे. शिकले मात्र काहीच नाही, हे पुढे दिसलंच.

संगीताचं लग्न झालं, जवळच्याच गिरणारे गावी. त्यानंतर दोनेक वर्षांनी भागाबाई दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेऊ लागल्या. बसायची जागा उन्हाबरोबर बदलू लागल्या. ज्या भिंगाची त्यांनी आयुष्यभर टवाळी केली तेच, "पोरी, दे जरा," म्हणून मागू लागल्या. एका दुपारी मी त्यांच्या निवडून झालेल्या पिशवीत सहज हात घातला आणि चिमटीत अमरवेल आली. मला वाटलं, चुकून राहिली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं. तीन दाणे.

मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि सांगितलं, काचबिंदू आहे, उशीर झालाय, गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली टिकवायची तर रोज थेंब घालत राहा. भागाबाईंनी विचारलं, "कुठवर टिकंल?" डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही, आजी." बाहेर आल्यावर त्या पायरीवरच बसल्या. "पोरी, गोदामात बोलशील तर माझी शपथ हाय. मला दुसरं काय येतं गं? भाकरी येती आन हे येतं. भाकरी समद्याच बायांना येती."

मी शपथ पाळली. इथपर्यंत ठीक होतं. पण मी त्यापुढे गेले. जेवणाच्या सुट्टीत बायका झाडाखाली डबे सोडायच्या, तेव्हा मी आत थांबून भागाबाईंची पिशवी गुपचूप पुन्हा निवडू लागले. त्यांच्या हातून सुटलेले दाणे काढून ठेवायचे आणि पिशवी जशी होती तशी बांधायची. त्यांना कधीच सांगितलं नाही. त्यांना वाटत राहिलं, आपलं अजून जमतंय. मला वाटत राहिलं, आपण किती चांगल्या. खोटं नाही सांगत, त्या दिवसांत मी स्वतःवर फार खूश होते.

त्याही स्वस्थ बसल्या नव्हत्या. एका सकाळी घरून एक फळी घेऊन आल्या. तिच्यावर जुन्या चोळीची मखमल खिळ्यांनी ताणून बसवलेली. फळी तिरकी धरून वरून घासाचं बी सोडलं, की गुळगुळीत दाणे घरंगळत खाली परातीत. खरखरीत अमरवेल मखमलीला धरून वरच राहायची. बियाणं स्वच्छ करणारी मोठी यंत्रं याच तत्त्वावर चालतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. या बाईने ते आंधळेपणाच्या भीतीपोटी एका चोळीतून काढलं. मी त्यांचे हात धरले. त्या म्हणाल्या, "काय येवढं? चोळीला गवताचं कुसळ चिकटतं, तर हे का नाय चिकटायचं?" त्या फळीने त्यांना वर्षभर तारलं. मग मखमल मधोमध झिजून टकली पडली. हे त्यांना दिसलं नाही. मला दिसलं.

आणि मग त्या दिवाळीनंतर संगीताच्या घासाचं निघालं. तिच्या सासऱ्यांनी तिला दहा गुंठ्यांचा तुकडा आणि दोन म्हशी सांभाळायला दिल्या होत्या. दुधावर तिची घरात पत होती. सासूचं म्हणणं, शेजारच्या दुकानातून घासाचं बी आणू. संगीता हट्टाने म्हणाली, "माझ्या आईसारखं बी उभ्या नाशकात कुनी निवडत नाय. तिच्याकडूनच आणीन." हे जावयाने येऊन सांगितलं, तेव्हा भागाबाईंचा चेहरा असा उजळला, की बारा बायकांनी त्यांची थट्टा केली. "व्याह्यांनी तुम्हालाच मागणी घातली म्हणायची!"

गोदामातून त्यांनी न निवडलेलं बी लेकीसाठी म्हणून वेगळं मागून घेतलं आणि चार दिवस त्या ते निवडत होत्या. कुणाला हात लावू देईनात. माझी मदतीची भाषा तर ऐकूनच घेईनात. "लेकीचं हाय. मीच निवडनार." चौथ्या दिवशी दुपारी पिशवीत हात घालून एक चिमूट त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघत, म्हणजे जिथे माझं तोंड असावं असं त्यांना वाटलं तिथे बघत, विचारलं, "पोरी, बघ. हाय का काय?"

तळहातावर दोन अमरवेली होत्या. भिंगाची गरज नव्हती. एका चिमटीत दोन.

मी म्हटलं, "स्वच्छ आहे."

दोन्ही दाणे मी नखाने उचलून रुमालात बांधले. मनात हिशेब असा, की उद्या जेवणाच्या सुट्टीत सगळी पिशवी पुन्हा निवडू. त्यांना कळणारही नाही. पण त्याच संध्याकाळी जावई मोटरसायकल घेऊन दारात हजर. भागाबाईंनी पिशवीला हळदीकुंकू लावलं आणि त्याच्या हातात दिली. मी तिथेच उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी काय बोलले तर, "सावकाश जा, अंधार पडतोय."

पेरणी तीन दिवसांनी होती. हरसूलची एसटी गिरणाऱ्यावरूनच जाते. मी तीनही दिवस ठरवत राहिले आणि गेले नाही. जाऊन काय सांगणार होते? तुमच्या आईला दिसत नाही म्हणून? दोनच तर होते, ते काढले, बाकीचं चांगलंच असेल, असं मी मनाला समजावलं.

माघात भागाबाई दोन दिवस कामावर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. "चल माझ्यासंगं. समदे म्हनत्यात अमरवेल हाय. मला दिसत नाय. तू बघून सांग." एसटीत त्या खिडकीशी बसल्या. मांडीवरची मूठ फक्त उघडत होती, मिटत होती.

बांधावरूनच दिसलं. हिरव्यागार घासावर जागोजाग पिवळ्या शेवया वाळत घातल्यासारख्या. कुठे ताटाएवढा गोल, कुठे खाटेएवढा. संगीता बांधावर बसली होती. आम्हाला बघून उठली नाही. भागाबाई सरळ वाफ्यात शिरल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही हातांनी चाचपू लागल्या. बोटांना तो दोरा लागला असणारच. तरी मान वर करून त्यांनी मला विचारलं, "पोरी, सांग ना. हाय का?"

"आहे," मी म्हटलं.

संगीताची सासू मागे उभी होती. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "दुकानातून आणलं आसतं तर दुकानदाराला धरलं आसतं. आता कुनाला धरू? इहीनबाईला?"

उपाय एकच होता आणि तो मलाच सांगावा लागला. अमरवेलीला फुलं यायच्या आत, जिथे जिथे ती आहे तिथला घास कापायचा आणि जागच्या जागी जाळायचा. त्यांनी जाळलं. आठ दिवसांनी नवे पिवळे गोल उठले. पुन्हा जाळलं. शेजारच्याचा कांदा बांधाला लागून होता. अमरवेल कांद्यालाही धरते. शेजारी रोज येऊन बांधावर उभा राहायचा. शेवटी सगळाच्या सगळा दहा गुंठ्यांचा तुकडा, चांगल्या घासासकट, जाळायचं ठरलं. हिरवा घास जळत नाही. वर पाचट टाकावं लागतं, रॉकेल शिंपडावं लागतं. नाहीच पेटलं तर पुन्हा शिंपडावं लागतं. दिवसभर धूर निघत होता. गोठ्यात म्हशी ओरडत होत्या.

भागाबाई त्या दिवशी कुणाचं ऐकेनात. जाळाच्या पुढे-पुढे सरकत, हाताने चाचपून वेल उपटत होत्या आणि पदरात भरत होत्या. संगीता धावत गेली. "आये, तो घास हाय. चांगला घास हाय गं तो. सोड." त्यांनी मूठ तिच्यापुढे धरली. "नीट बघ." संगीताने बघितलं आणि रडायला लागली. मुठीत नुसता घास होता.

हे मला सोसवलं नाही. दुपारी त्या लिंबाखाली बसल्या होत्या, तिथे जाऊन मी सगळं सांगितलं. दोन दाण्यांचं सांगितलं. रुमालाचं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीतल्या त्या दीड वर्षाचंही सांगितलं. बोलताना मी रडत होते, आणि खरं सांगायचं तर, त्यांनी मला जवळ घ्यावं अशी माझी अपेक्षा होती.

त्यांनी हातावरची राख पदराने पुसली. मग म्हणाल्या, "दीड वरीस?"

"हो."

"म्हंजी दीड वरीस मी आंधळीच होते. आन मला म्हाईत नव्हतं."

मी डोळे पुसले.

"मॅडम," त्या म्हणाल्या. सहा वर्षांनी मी पुन्हा मॅडम झाले. "तुमी पहिल्या दिवशी बोलला आसता, तर मी त्या दिवशीच हात धुवून घरी बसले आसते. रडले आसते चार दिवस. ती लाज माझी एकटीची होती. माझ्यापाशीच मेली आसती. तुमी ती माझ्या लेकीच्या दारात नेऊन पेरली."

"मला तुमचं मन मोडवत नव्हतं, भागाबाई."

"मोडायचं होतं," त्या म्हणाल्या. "मनच होतं ना? ते काय शेत हाय?"

त्या पुन्हा कामावर आल्या नाहीत. दोन्ही म्हशी उन्हाळ्याआधी विकल्या गेल्या. त्या तुकड्यात पुढे गहू-बाजरीच करायची ठरली, कारण तृणधान्याला अमरवेल धरत नाही. संगीता दुसऱ्यांच्या मळ्यात खुरपायला जाऊ लागली. तिच्या नवऱ्याने तिला एका शब्दाने दुखावलं नाही, असं ऐकलं. सासूने मात्र तिचा शब्द त्यानंतर कशातच धरला नाही. बी कुठलं आणायचं, भाजी कुठली करायची, पाहुण्यांना काय सांगायचं, कशातच नाही. मी शेठजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "झालं ते झालं, आपल्या सहीचं पोतं नव्हतं ना?" नव्हतं. माझी सही त्यावर नव्हती. हे वाक्य पुष्कळ दिवस माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

दोन हजारनंतर कधीतरी, पावसाळा सरता सरता, संगीताचा निरोप आला. आई अंथरुणावर आहे, खाणं सुटलंय, येऊन जा. भागाबाई लेकीकडेच होत्या. पुढच्या पडवीत खाटेवर पडलेल्या, दोन्ही डोळे उघडे आणि दोन्ही पूर्ण गेलेले. संगीता म्हणाली, "आये, गोदामातल्या मॅडम आल्यात." त्यांनी हात पुढे केला. मी तो धरून खाटेशी बसले. हात तसाच होता, अंगठ्याचं टोक घासून घासून गुळगुळीत झालेलं.

"यंदा किती राशी परत केल्या?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"तोंडावर सांगितलं?"

"सांगितलं."

"रडलं कुनी?"

"एक म्हातारे रडले."

"रडू द्यायचं," त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ डोळे मिटून पडून राहिल्या. मला वाटलं, झोपल्या. संगीता आत चहा ठेवायला गेली. मी इतकी वर्षं जे विचारायला घाबरत होते ते तेव्हा विचारलं.

"भागाबाई, राग आहे का हो माझ्यावर अजून?"

त्यांनी हात सोडला नाही. उलट जरा घट्ट धरला. मला वाटलं, आता 'नाय गं पोरी' म्हणतील. मरणाच्या दारातली माणसं तसं म्हणतात. मी तेच ऐकायला आले होते.

"हाय," त्या म्हणाल्या.

मार्गशीर्षात भागाबाई गेल्या. मी मातीला गेले होते. तो राग त्या जाताना सोडून गेल्या असतील, असं मला कुणी समजावलं की मी विषय बदलते. जे आहे ते कुणाचं मन राखायला त्यांनी 'नाय' म्हटल्याचं मला एकदाही आठवत नाही.